टाकी रिकामी करा, मगच झोपा!

डाबला सकाळी साडेसहाला गाडीचा नळ उघडला. आतून पंप गुरगुरला, पण पाणी काही आलं नाही.

दादाला आधी वाटलं, टाकी संपली. पण आदल्या संध्याकाळी अक्कलकुव्यात आम्हीच ती काठोकाठ भरून घेतली होती. मग टॉर्च घेऊन गाडीच्या मागे गेलो. पंपापासून मागच्या दाराजवळच्या नळापर्यंत बोटाएवढी जाड, पारदर्शक नळी बाहेरच्या बाजूने आणलेली होती. एरवी ती लवचिक असते, त्या सकाळी काठीसारखी कडक झाली होती. आत पाणी दिसत होतं, पण जागचं हलत नव्हतं. गाडीच्या टपावर आणि आजूबाजूच्या गवतावर पांढरा थर होता, कुणीतरी मीठ शिंपडावं तसा.

नंदुरबार जिल्ह्याबाहेर कुणाला हे सांगितलं की लोक हसतात. नंदुरबार म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर येतो उन्हाळा आणि मिरची. पण अक्कलकुवा तालुक्यातलं सातपुड्याच्या उंचावरचं डाब हिवाळ्यात दवबिंदू गोठल्याच्या बातम्यांमुळे दरवर्षी पेपरात येतं. तुम्हीही ते फोटो पाहिले असतील. मीही पाहिले होते. पण फोटोतला बर्फ आणि आपल्याच नळात अडकलेला बर्फ यात किती फरक असतो, ते त्या दिवशी कळलं.

आता तुम्ही म्हणाल, नळी गोठली तर गोठली, त्यात एवढं काय? आम्हीही तेच म्हणालो. चुलीवर पाणी कोमट केलं, नळीभोवती फडकं गुंडाळलं, त्यावर हळूहळू ओतलं. दहा मिनिटांत नळ सुरू. काही फुटलं नाही, काही गळलं नाही. रीलसुद्धा झाली. परतीच्या वाटेवर मात्र दादा गप्प गप्प होता. देवगोई घाट उतरताना तो एवढंच म्हणाला, "इथे हे झालं, तर मनालीला काय होईल?"

दादाची गाडी

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. राहायला चिंचपाड्यालाच. आमचं गाव सुरत-धुळे महामार्गावर, त्यामुळे लहानपणापासून दारासमोरून देशभरच्या गाड्या जाताना बघितल्या. त्याने जुनी बारा सीटर व्हॅन घेतली, सीट काढल्या, आरटीओच्या रीतसर परवानग्या घेतल्या आणि तिचं छोटं घर केलं. दोन पलंग, एक ओटा, ६० लिटरची पाण्याची टाकी, बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा पंप, छोटा गीझर, सिंक आणि उचलून नेता येईल असं टॉयलेट. व्हॅनलाइफची रील बघून तुम्हाला जे हवंसं वाटतं, साधारण तेच. फक्त यावर कर्ज आहे.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणलं, तेव्हापासून चाकांवरचं घर हा आपल्याकडेही धंदा होऊ शकतो असं अनेक तरुणांना वाटू लागलंय. दादा त्यातलाच एक. त्याला पहिलं मोठं बुकिंग मिळालं ते जानेवारीचं. गुजरातेतल्या एका कुटुंबाला बर्फ बघायचा होता. मनालीजवळ मुक्काम, आणि रस्ता उघडा असला तर अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलला जाऊन यायचं. ३ ऑक्टोबर २०२० ला हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा सुरू झाला आणि पूर्वी हिवाळ्यात महिनोन् महिने तुटलेलं लाहौल बरंच जवळ आलं. पण बोगद्याने रस्ता जवळ केला, थंडी कमी केली नाही. तिकडे जानेवारीच्या रात्री शून्याखाली दहा अंश ही काही विशेष गोष्ट नाही.

चिंचपाड्यापासून दीड हजारांहून जास्त किलोमीटरवर, अनोळखी गावात, पाहुणे आत झोपलेले असताना पाइप फुटला तर? पाणी पलंगाखालच्या प्लायवूडमध्ये मुरणार, बॅटरीच्या वायरिंगपर्यंत जाणार. दुरुस्तीचा खर्च वेगळा आणि गेलेलं नाव वेगळं. म्हणून डाबहून आल्यावर आम्ही या विषयाच्या मागे लागलो. मला लिहायचा विषय मिळाला आणि दादाला त्याची गाडी वाचवायची होती. जे कळलं ते तुमच्यासाठी.

पाणी फुटत नाही, फोडतं

बहुतेक पदार्थ थंड झाले की आकसतात. पाणीही आकसतं, पण ४ अंश सेल्सिअसपर्यंतच. त्याखाली गेलं की ते पुन्हा पसरू लागतं आणि बर्फ होताना त्याचं आकारमान साधारण ९ टक्क्यांनी वाढतं. म्हणजे ६० लिटर पाण्याचा बर्फ झाला तर त्याला ६५ लिटरच्या आसपास जागा लागते. फ्रीजरमध्ये काचेची भरलेली बाटली विसरून तुम्ही हा प्रयोग कधी ना कधी केलेला असेलच.

पाइपमध्ये गंमत थोडी वेगळी आहे. आपल्याला वाटतं, जिथे बर्फ झाला तिथेच पाइप फुटतो. बऱ्याचदा तसं होत नाही. आधी पाइपच्या सगळ्यात थंड जागी बर्फाचं बूच तयार होतं. ते वाढत जातं आणि पुढच्या पाण्याला ढकलतं. पुढे नळ बंद असेल, तर मधे अडकलेल्या पाण्याला जायला वाटच उरत नाही. दाब वाढत राहतो आणि जो भाग कमजोर तो जातो. जोड, एल्बो, फिल्टरची प्लॅस्टिकची वाटी, गीझरमधली तांब्याची बारीक नळी. नळ उघडा असला तर तोच दाब बाहेर निघून जातो. आपण सवयीने रात्री सगळे नळ घट्ट बंद करतो. कडाक्याच्या थंडीत, टाकी रिकामी केल्यावर, हीच सवय महागात पडते.

आणखी एक फसवणूक आहे. पाइप फुटतो रात्री, कळतं दुपारी. बर्फ असेपर्यंत चीर बंदच असते. ऊन आलं, बर्फ वितळला की मग धार लागते. तोवर तुम्ही गाडी लॉक करून फिरायला गेलेले असता.

डाबला त्या रात्री मोबाइलवर तापमान ४ अंश दाखवत होतं. मग नळी गोठली कशी? कारण मोबाइलमधला आकडा हवेचा असतो, तोही जवळच्या कुठल्या तरी ठिकाणचा. आकाश निरभ्र असलं, वारा पडलेला असला की जमीन, गवत, गाडीचा पत्रा, उघडी नळी आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडत राहतात आणि हवेपेक्षा काही अंश जास्त थंड होतात. म्हणून दव आधी गवतावर गोठतं. निफाडच्या द्राक्षबागायतदारांना हे पक्कं ठाऊक असतं. थर्मामीटर शून्याच्या वर असतानाही ते पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, रात्री बागेला पाणी देतात, कारण पाणी गार होताना आणि गोठताना स्वतःजवळची उष्णता बाहेर सोडतं. तेव्हा तुमच्यासाठी नियम सोपा: रात्रीचा अंदाज ४ अंशांचा किंवा त्याखालचा असेल, तर गाडीबाहेरच्या पाइपला धोका आहे असंच धरून चाला.

पाणी नेमकं लपतं कुठे?

"टाकीचं बूच काढलं, पाणी गेलं, झालं काम." आम्हाला असंच वाटत होतं. महामार्गावर गाड्यांचं काम करणाऱ्या एका मिस्तरीकाकांना दादाने गाडी दाखवली. त्यांनी वाकून खालून बघितलं आणि म्हणाले, "टाकी रिकामी झाली, ठीक. पण पोटातलं पाणी?"

आम्ही मोजत गेलो. टाकी सोडून पाणी साचून राहण्याच्या जागा निघाल्या आठ. पंप, कारण त्याच्या आतल्या पडद्यामागे पाणी उरतंच. पंपाआधीचा जाळीचा फिल्टर. पाणी उलटं जाऊ नये म्हणून बसवलेला व्हॉल्व्ह. गीझर. गरम आणि गार पाण्याचे सगळे पाइप, त्यातही जिथे पाइप मधेच खाली लोंबतो ती जागा. शॉवरची नळी. सिंकखालचा वाकडा पाइप, ज्यात वास येऊ नये म्हणून पाणी मुद्दाम ठेवलेलं असतं. आणि सांडपाण्याची टाकी. टॉयलेटचं फ्लशचं पाणी धरलं तर नऊ.

टाकी त्या मानाने सुरक्षित. मोठा साठा लवकर गोठत नाही. पेलाभर पाणी राहणारी जागा मात्र आधी गोठते आणि नेमके तिथलेच भाग नाजूक आणि महाग असतात.

रिकामं करायची रीत

गाडी थंडीत उभी करून ठेवायची असेल किंवा रात्री आत कुणी राहणार नसेल, तर हा क्रम लक्षात ठेवा.

१. गीझर बंद करा. वीज आणि गॅस दोन्ही. आतलं पाणी निवू द्या. गरम गीझर उघडायला जाऊन हात भाजून घेऊ नका.

२. गाडी सपाट जागी किंवा पाणी निघायच्या तोंडाकडे किंचित उतार येईल अशी उभी करा. टाकीचं बूच आणि पाइपांच्या सगळ्यात खालच्या जागी असलेले ड्रेन व्हॉल्व्ह उघडा. तुमच्या गाडीत ते नसतील, तर टी जोडून बसवून घ्या. खर्च फार नाही.

३. सगळे नळ उघडा. एकाच दांडीने गरम-गार होणारा नळ असेल तर दांडी वर करून मधोमध ठेवा, म्हणजे दोन्ही पाइपांत हवा शिरेल. शॉवरची नळी हुकवरून काढून खाली सोडा आणि झटका.

४. आता पंप चालू करा. नळातून फक्त हवा फुरफुरायला लागली की लगेच बंद करा. कोरडा पंप फार वेळ चालवू नका.

५. जाळीचा फिल्टर उघडून वाटी रिकामी करा. पिण्याच्या पाण्याचं फिल्टर असेल तर त्याचं कार्ट्रिज काढून घरात ठेवा.

६. गीझरचं ड्रेन उघडा. युरोपातल्या मोटरहोममध्ये बऱ्याच हीटरना एक हुशार व्हॉल्व्ह असतो. तापमान ३ अंशांच्या आसपास आलं की तो आपोआप उघडतो आणि सगळं पाणी बाहेर सोडून देतो. आपल्याकडच्या साध्या गीझरना तो नसतो, तेव्हा ते काम आपल्या हातानेच करायचं.

७. उरलेलं पाणी हवेने फुंकून काढा. टायरमध्ये हवा भरायचा पंप चालतो, पण दाब ३० पीएसआयच्या आसपासच ठेवा. जास्त दाब दिला तर जोड हवेनेच जातील आणि मग थंडीला नावं ठेवता येणार नाहीत.

८. सांडपाण्याची टाकी आणि टॉयलेट योग्य जागी रिकामं करा. रस्त्याच्या कडेला किंवा ओढ्यात नाही. खालच्या वस्तीतले लोक तेच पाणी भरत असतात.

९. झाल्यावर नळ उघडेच राहू द्या. एका कागदावर मोठ्या अक्षरात "पाणी काढलेलं आहे, गीझर चालू करू नये" असं लिहून स्विचवर चिकटवा. रिकामा गीझर चालू केला तर तो थंडीशिवायच जळतो.

सिंकखालच्या वाकड्या पाइपमधलं पाणी फुंकून सहज निघत नाही. तिथे न गोठणारं द्रव ओततात. इथे एका गोष्टीवर लाल रेघ मारून ठेवा. रेडिएटरमध्ये घालायचं कूलंट बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉलचं असतं. ते विष आहे आणि चवीला गोड असतं, म्हणून लहान मुलं आणि कुत्री-मांजरं ते सहज पितात. नळाच्या किंवा सिंकच्या पाइपसाठी प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, त्याच कामासाठी बनवलेलं द्रव मिळतं. रंगावर जाऊ नका, डब्यावरचं नाव वाचा.

आणि आत राहायचं असेल तर?

खरी कसोटी इथे आहे. गाडीत चार माणसं झोपणार, सकाळी त्यांना तोंड धुवायला पाणी लागणार. मग काय करायचं?

ज्यांच्या गाड्या थंड देशांतल्या असतात, ते टाकी आणि पाइप गाडीच्या आत, गरम हवेच्या वाटेत ठेवतात. बाहेरच्या टाकीखाली बॅटरीवर तापणारे पॅड लावतात. तुमची टाकी आत असेल तर रात्री पलंगाखालच्या आणि ओट्याखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा, म्हणजे उबदार हवा पाइपांपर्यंत पोहोचेल. बाहेरून जाणारा पाइप शक्यतो ठेवूच नका. पाइपभोवती फोम गुंडाळला तर गोठायला वेळ लागतो, पण गोठणं कायमचं टळत नाही. गोधडी माणसाला ऊब देते, कारण माणूस स्वतः गरम असतो. पाइप स्वतः गरम नसतो.

जुगाड म्हणून बरेच जण नळ थेंब थेंब चालू ठेवतात. घरी पाण्याची लाइन असेल तर ते ठीक. ६० लिटरच्या टाकीत रात्रभर नळ ठिबकला तर सकाळी टाकी रिकामी आणि सांडपाण्याची टाकी भरून गोठलेली.

मग उपाय काय? लेहमधले लोक जे करतात तेच. तिथे हिवाळ्यात अनेक घरांत आणि गेस्ट हाऊसमध्ये नळ बंद करून पाइप रिकामे केले जातात आणि पाणी बादलीने मिळतं. लडाखच्या जुन्या घरांतली शौचालयंही कोरडी असतात, माती टाकायची, पाणी लागतच नाही. तिथल्या लोकांनी थंडीशी भांडण केलं नाही, पाण्याची वाटच बदलली. दादानेही शेवटी तेच ठरवलं. नळाची सगळी व्यवस्था जातानाच रिकामी करायची आणि पाणी दहा-दहा लिटरच्या कॅनमध्ये गाडीच्या आत ठेवायचं. कॅन काठोकाठ भरायचे नाहीत, चार बोटं जागा सोडायची. सकाळच्या चहाचं पाणी रात्रीच थर्मासमध्ये. पाहुण्यांना त्याने फोन करून आधीच सांगितलं, "नळ असेल, पण पाणी जगने घ्यावं लागेल." ते म्हणाले, चालेल.

तुमच्याकडे गाडी नाही? तरी हे कामाला येईल. कॉलेजच्या ग्रुपसोबत हिवाळी ट्रेकला जाणार असाल तर पाण्याच्या पिशवीची नळी सगळ्यात आधी गोठते. घोट घेतला की नळीत उलटी फुंकर मारून पाणी परत पिशवीत ढकला. बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा. बर्फ वरून तयार होत जातो, त्यामुळे उलट्या बाटलीत तो बुडाकडे होईल आणि झाकण मोकळं राहील. रात्री बाटली, झाकण नीट लागलंय ना बघून, स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा.

पाइप वाचवताना जीव घालवू नका

हा भाग घाईत वाचू नका.

पाणी गोठू नये म्हणून गाडी आतून गरम ठेवायची आणि थंडी आत येऊ नये म्हणून खिडक्या घट्ट लावायच्या, हे सहज सुचतं. त्यात कुणीतरी शेगडी पेटवतं, कुणी गॅसचा स्टोव्ह मंद करून ठेवतं, कुणी आतल्या गॅस गीझरचं गरम पाणी काढत बसतं. बंद जागेत जळण नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. झोपेत असाल तर तेही कळत नाही.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामनला केरळचे ८ पर्यटक एका खोलीत गॅस हीटर लावून झोपले आणि दगावले. त्यात ४ लहान मुलं होती. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरीजवळ बर्फात गाड्या अडकून २० हून अधिक माणसं गेली. गाडीत साचलेला कार्बन मोनॉक्साइड हे त्यामागचं एक कारण असल्याचं तेव्हाच्या बातम्यांमध्ये आलं होतं. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं आणि इंजिन चालू असलं, तर धूर आत येऊ शकतो.

म्हणून गाडीत आग पेटवून झोपायचं नाही. शेगडी नाही, स्टोव्ह नाही, "पाचच मिनिटं" सुद्धा नाही. हीटर लावायचाच असेल तर ज्याची जळणाची हवा बाहेरून येते आणि धूर बाहेर जातो असाच. एक खिडकी बोटभर उघडी ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा. त्याची किंमत एका पाइपच्या दुरुस्तीपेक्षा जास्त असली तरी घ्या. गोठलेला पाइप मोकळा करायलाही जाळ धरू नका. कोमट पाण्याचं फडकं किंवा हेअर ड्रायर पुरे.

बोनेटखालचं पाणी

मिस्तरीकाकांनी शेवटी बोनेट उघडलं आणि रेडिएटरचं झाकण काढलं. आत नळाचं पाणी! आपल्याकडे कितीतरी गाड्यांत ते असतंच. उन्हाळ्यात कोंडाईबारी घाट चढताना इंजिन तापतं, ड्रायव्हर बाटलीतलं पाणी ओततो, काम भागतं. तेच पाणी घेऊन हिमाचलात गेलात आणि रात्री ते इंजिनात गोठलं, तर ब्लॉकला चीर जाऊ शकते. पाण्याचा पाइप काही शेकड्यांत बदलून होतो, इंजिन होत नाही.

कूलंट पाण्यात साधारण निम्मं-निम्मं मिसळलं, तर ते शून्याखाली ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. मग पूर्ण कूलंटच ओतलं तर अजून चांगलं, असं वाटतं ना? दादालाही वाटलं. उलट होतं. निव्वळ इथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठतं. मिश्रणातच त्याची ताकद आहे. काच पुसायच्या पाण्याच्या डबीतही साधं पाणी ठेवू नका.

डिझेलचंही तसंच. जास्त थंडीत त्यातलं मेण घट्ट होतं आणि फिल्टर तुंबतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत पातळ राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं, ते यासाठीच. आणि गॅस सिलिंडर? एलपीजीतला ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायू व्हायलाच तयार नसतो. प्रोपेन मात्र उणे ४२ पर्यंत होतो. सिलिंडरमध्ये ब्यूटेन जास्त असेल तर सिलिंडर भरलेला आणि शेगडी विझलेली, असं होऊ शकतं. तेव्हा फक्त गॅसच्या भरवशावर जाऊ नका.

आजीचं म्हणणं

निघायच्या आदल्या संध्याकाळी दादाने गाडी आजीच्या अंगणात आणली. टाकी डाबहून आल्यावर पुन्हा भरलेली होती. त्याने बूच काढलं आणि पाणी धो धो वाहायला लागलं. आजी ओट्यावरून उठून आली.

"चांगलं पाणी ओतून देतोस?"

तिचा राग खोटा नव्हता. नळ यायच्या आधी, उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेऊन पाणी आणलेली बाई आहे ती. आमच्या घरात भांडी धुतलेलं पाणीही झाडाला जातं. पाणी जपायचं म्हणजे भरून ठेवायचं, हे आम्हाला बोलता यायच्या आधी कळलेलं असतं. दादाने तिला गोठणं, फुगणं, पाइप सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि घरातून दोन बादल्या आणल्या.

मग आम्ही तिघांनी टाकीचं पाणी बादल्यांत धरलं. अर्धं अंगणातल्या आंब्याच्या कलमाला गेलं, अर्धं गोठ्यातल्या पिंपात. पंपातून शेवटची हवा फुरफुरली तेव्हा आजीने स्वतः नळाखाली हात धरून बघितलं. कोरडा. "आता जा," ती म्हणाली.

हा लेख छापायला जाईपर्यंत दादा मनालीत पोहोचला आहे. काल सकाळी त्याचा फोन आला. रात्री इतकी थंडी होती की गाडीच्या काचेवर आतून बर्फ धरला होता. मी विचारलं, पाइप?

"त्यात होतंच काय गोठायला?" तो म्हणाला. मग पाहुण्यांना चहा द्यायचा आहे म्हणून त्याने फोन ठेवला.